सुरतेचा किल्लेदार आणि दर्याची सत्ता

सुरत म्हटली की मराठी वाचकाला शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० च्या दोन स्वाऱ्या आठवतात. त्या वैभवशाली शहराच्या कारभारात एक गोम होती. तिचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

तापीकाठच्या या बंदरात बादशहाचे दोन स्वतंत्र अधिकारी असत. शहर व बंदर मुत्सद्द्याकडे, किल्ला किल्लेदाराकडे. १६६४ मध्ये शहराचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि पेठ उघडी पडली. समुद्रावर तर मोगल याहून दुबळे. हजचे यात्रेकरू येथूनच निघत. मराठ्यांचे आरमार वाढू लागले, तेव्हा औरंगजेबाने जंजिऱ्याच्या सिद्दीस पदरी घेऊन त्याच्या आरमाराचा तनखा सुरतेच्या उत्पन्नावर लावून दिला. तरीही १६९५ मध्ये ‘गंज-इ-सवाई’ हे बादशाही जहाज एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटलेच.

पुढे दिल्ली खिळखिळी झाली आणि अठराव्या शतकाच्या मध्यास सुरतेच्या किल्ल्यावरही सिद्दीचा अंमल बसला. रक्षणासाठी नेमलेला आरमारी सरदार पेठेच्या उरावर बसला. मार्च १७५९ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी तो किल्ला घेतला आणि किल्लेदारी व आरमार या दोहोंच्या सनदा बादशहाकडून मिळविल्या. आरमाराचा तनखाही त्यांजकडे आला. म्हणजे सुरतेच्याच पैशाने सुरतेवर सत्ता!

दूरच्या रशियन अमेरिकेत घडले ते नेमके उलट. तेथील व्यापारी कंपनीचा कारभार १८१८ मध्ये बारानोव या व्यापाऱ्याकडून नौदलाच्या अधिकाऱ्याकडे गेला, आणि १८६७ मध्ये ती वसाहत विकली जाईपर्यंत तो तशाच अधिकाऱ्यांकडे राहिला. तेथे व्यापाऱ्याच्या गादीवर दर्यावर्दी बसला; सुरतेत दर्यावर्द्याच्या गादीवर व्यापारी. सूत्र मात्र एकच : बंदर त्याचे, ज्याचे पाणी.

हे सूत्र शिवछत्रपतींनी ओळखले होते. परंतु १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या साह्याने विजयदुर्गास आंग्र्यांचे आरमार नष्ट होऊ दिले. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत सुरतेचा किल्ला इंग्रजांचा झाला. १८०० मध्ये नबाबाचा कारभार संपला, आणि १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांनी सुरतेवरील हक्कही सोडले. कागदावरची चौथ आरमारावाचून किती दिवस टिकणार होती?