शिकारीच्या रानातून रेंजवर

राधानगरी तालुक्यातले दाजीपूरचे रान म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपतींची राखीव शिकारीची जागा. १९५८ मध्ये तिथे गव्यांचे अभयारण्य झाले आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचे दिवस संपले. नेम मात्र जिल्ह्यात टिकला, तो नेमबाजीच्या स्पर्धांमुळे. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने सुवर्ण जिंकले आणि २०२४ मध्ये याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ऑलिंपिक ब्राँझ पटकावले.

या खेळाचे एक कूळ लष्करी आहे. १८५९ मध्ये फ्रान्सच्या स्वारीच्या धास्तीने इंग्लंडमध्ये स्वयंसेवकांच्या पलटणी उभ्या राहिल्या. रायफली नव्या होत्या, हात कच्चे होते. सराव व्हावा म्हणून रायफल संघटना निघाली आणि १८६० मध्ये विम्बल्डनच्या माळावर स्पर्धा भरली. पहिली गोळी राणी व्हिक्टोरियाची. रायफल आधीच नेम धरून घोडीवर आवळलेली, राणीने फक्त दोरी ओढली! भारतात राष्ट्रीय संघटना १९५१ ची. तिचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर, पुढे लोकसभेचे पहिले सभापती. राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची मावळणकर स्पर्धा त्यांच्याच नावाची.

शिकाऱ्याची हुकलेली गोळी झुडपात जाते आणि गप्पांत वाघ वाढत जातो. रेंजवर प्रत्येक गोळीचा हिशेब लागतो. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. राहीच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात रॅपिड फेरीत हात खाली ठेवून थांबायचे. निशाण तीन सेकंद दिसते, तेवढ्यात हात उचलून एकच गोळी झाडायची. श्वास किंवा चाप ओढणारे बोट जरा गडबडले, की गुण गेलेच.

हीच शिस्त सुरक्षितता शिकवते. हुकूम होईपर्यंत काडतूस भरायचे नाही. नळीचे तोंड कायम निशाणाच्या दिशेला. ‘अनलोड’ ऐकताच बोल्ट उघडायचा, चेंबर रिकामे करायचे, त्यात भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग घालायची. बंदूक रिकामी आहे, हे नेमबाजाच्या शब्दावर सोडत नाहीत. पंच स्वतः बघतात. एरवी शंभर नंबरी नेम असला, तरी भरलेली बंदूक बेफिकिरीने फिरवणारा स्पर्धेतून बाद होतो.

वर्षानुवर्षे हे रोज केले, की विचार न करताही बोट चापापासून दूर राहते. पदक थोड्यांनाच मिळते. ही सवय मात्र रेंजवर येणाऱ्या प्रत्येकाला लागते.