कोरडी भिंत आणि तिचा कारागीर

आपल्या गावातील पुष्कळांची मुलेबाळे आज अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे चार महिने राहून आलेली मंडळी तिकडच्या घरांची एक गंमत सांगतात. भिंतीवर बोट वाजवले तर ती पोकळ बोलते, आणि खुर्चीची पाठ जोराने लागली तर तिला चक्क भोक पडते! मग जवळपासचा कारागीर बोलवायचा. वीतभर भोकासाठी तो जी मजुरी सांगतो, ती ऐकून आपल्या माणसाचे डोळे पांढरे होतात. एवढ्याशा कामाला एवढे पैसे का, या प्रश्नाचे उत्तर त्या भिंतीच्या इतिहासात आहे, आणि तोच इतिहास आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

पूर्वी अमेरिकेतही घराच्या आतून गिलावाच असे. लाकडी सांगाड्यावर अरुंद पट्ट्या ठोकायच्या, त्यांवर गिलाव्याचे तीन थर द्यायचे, आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचे. घर हाती यायला आठवडेच्या आठवडे लागत. पट्ट्या ठोकणारा वेगळा, थापी चालवणारा वेगळा. गिलावा करणाऱ्यांनी १८६४ सालीच आपली संघटना बांधली होती. पट्ट्या ठोकणाऱ्यांचीही स्वतंत्र युनियन झाली. हे काम उमेदवारी केल्यावाचून येत नसे, म्हणून त्या हाताला भाव होता.

१८९४ साली ऑगस्टीन सॅकेट या गृहस्थाने जिप्समच्या फळीचे पेटंट घेतले. जिप्सम म्हणजे ज्या खनिजापासून मोडलेल्या हाडावरचे प्लास्टर करतात ते. त्याचे थर कागदांमध्ये दाबून सॅकेटने पातळ फळी केली. प्रारंभी ही फळी गिलाव्याच्या पोटात, पट्ट्यांच्या जागी घालत. १९०९ साली युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने हा धंदा विकत घेतला आणि पुढे फळीलाच भिंत करून टाकले. गिलाव्याचे पाणी नको, वाळण्याची वाट नको, म्हणून ती ‘ड्रायवॉल’, म्हणजे कोरडी भिंत. जिप्समच्या अंगातच पाणी बांधलेले असते; आग लागली म्हणजे आधी त्या पाण्याची वाफ होते आणि ज्वाळा काही काळ अडून राहतात. हा तिचा मोठाच गुण. तरीही लोक तिला बरीच वर्षे हलकी, गरिबाची भिंत मानत.

तिचे नशीब उघडले ते दुसऱ्या महायुद्धामुळे. युद्धकाळात इमारती झपाट्याने हव्या होत्या आणि माणसे लढाईवर गेली होती. युद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांना घरे हवी होती. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाऊन येथे १९४७ ते १९५१ या काळात १७ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. तेथे काम लहान लहान तुकड्यांत वाटलेले होते, प्रत्येक टोळी एकच तुकडा घरोघर करीत पुढे सरके, आणि बिल्डरने युनियनला दाराबाहेर ठेवले होते. सामान्य माणसाला घर मिळाले, हे मान्यच केले पाहिजे. पण त्याच वेळी उमेदवारी केलेल्या हाताची जागा तुकडा करणाऱ्या हाताने घेतली. पट्ट्या ठोकणाऱ्यांची युनियन अखेर १९७९ साली सुतारांच्या युनियनमध्ये विलीन झाली.

मग कसब संपले काय? मुळीच नाही. ते सांध्यात जाऊन बसले. चार फूट बाय आठ फुटांची फळी स्क्रूने ठोकणे हे अंगमेहनतीचे काम आहे. पण दोन फळ्यांमधला सांधा नाहीसा करणे ही कला आहे. सांध्यावर लांबी भरायची, तीत कागदी पट्टी दाबायची, वाळू द्यायची, मग आणखी रुंद हात, मग त्याहून रुंद. खिडकीतून तिरपा उजेड आला की कच्च्या हाताचे काम लगेच उघडे पडते. वीतभर भोक बुजवायलाही हे सगळे हात द्यावेच लागतात आणि प्रत्येक थर वाळल्यावर कारागिराला पुन्हा यावे लागते. आपण पैसे देतो ते भोकाचे नव्हेत, या खेपांचे आणि त्या हाताचे.

पण दिलेले पैसे त्या हातापर्यंत पोचतात का? १९८० नंतरच्या मंदीत दक्षिण कॅलिफोर्नियातील घरबांधणीतून युनियन हुसकली गेली. काम उक्ते झाले, मध्ये मुकादम आले. चौरस फुटाला सुमारे आठ सेंट असलेला दर १९९२ पर्यंत चार-पाच सेंटांवर घसरला. हिशेब करा: एक फळी म्हणजे बत्तीस चौरस फूट. चार सेंटांनी एक जड फळी उचलून, छताला धरून ठोकण्याचे सव्वा डॉलरच्या आसपास! फळी ठोकणारे बहुतेक मेक्सिकोतून आलेले होते, आणि त्यांतले पुष्कळजण एल माग्वे या एकाच खेड्यातले. आपल्या गिरणगावात एका गावची माणसे एका खोलीत राहत, तीच ही तऱ्हा. जून १९९२ मध्ये या माणसांनी संप पुकारला. जुलैत एकाच दिवशी दीडशेच्या वर संपकऱ्यांना अटक झाली. सुतारांची युनियन मदतीला आली. जादा कामाचा पगार बुडवल्याबद्दल वकिलांनी मालकांवर दावे लावले. पाच महिन्यांनी, नोव्हेंबरात, अनेक कंत्राटदारांनी करारावर सह्या केल्या. दर वाढला, आजारपणाचा विमा मिळाला. ज्यांची संघटना होणेच शक्य नाही असे शहाणे लोक म्हणत होते, त्यांनी हे करून दाखवले.

म्हणून तिकडच्या मुलांना एवढेच कळवा. कारागीर ठरवताना नुसता स्वस्त आकडा पाहू नका. काम स्वतः करणार की दुसऱ्याच्या गळ्यात घालणार, ते विचारा. परवाना पाहा, कॅलिफोर्नियात या कामाचा परवाना वेगळाच असतो. कामगाराला इजा झाली तर विमा कोणाचा, हे विचारा. तेथील कायद्याने घरदुरुस्तीची आगाऊ रक्कम कंत्राटाच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांपैकी जी कमी तिच्याहून जास्त मागता येत नाही. आणि घर जुने असेल तर सांधे घासू देण्यापूर्वी ते तपासून घ्या. त्या लांबीत पूर्वी ॲस्बेस्टॉस घालत. त्यावर १९७७ साली बंदी आली, पण भिंती अजून उभ्याच आहेत. ती धूळ घरच्यांच्या आधी कारागिराच्या छातीत जाते.

आता आपल्याही गावात दुकानांच्या आणि दिवाणखान्यांच्या छताला जिप्समच्या फळ्या लागू लागल्या आहेत. शिडीवर मान मोडून उभा असलेला तो पोरगा कुणाचा, त्याला फुटामागे काय मिळते, हे एकदा वर पाहून विचारायला आपले काय जाते?