हेल्मेट आले शर्यतीतून!

"खऱ्या स्टंटवाल्याला हेल्मेट कशाला, डॉक्टर?" हा प्रश्न तुम्हीही ऐकला असेल. इतिहास उलट सांगतो.

इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या रेसट्रॅकवरचे डॉ. एरिक गार्डनर यांनी डोक्याच्या दुखापती पाहून शर्यतवाल्यांसाठी हेल्मेट तयार करवले. १९१४ मध्ये आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत ते सक्तीचे झाले. १९३५ मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हेल्मेटविना मोटारसायकलवरून पडून गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी न्यूरोसर्जन ह्यू केर्न्स यांनी पुढे अशा अपघातांचा अभ्यास केला. १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्याने निरोप पोचवणाऱ्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केले.

२००१ मध्ये बजाजची पल्सर आली. चाकणच्या कारखान्यातून वेग आपल्या दारात आला. मेंदू मात्र तितकाच नाजूक राहिला.

हेल्मेटमधला थर्माकोलसारखा थर स्वतः चेपून धक्का शोषतो. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट बदला आणि पट्टा नेहमी बांधा.

ग्रुपने स्टंट करायचेच असतील तर परवानगी घेऊन, बंदिस्त मैदानावर करा. एका वेळी एकच गाडी, मागे कोणी बसवू नका, बाकीच्यांनी लांब थांबा. पुणे-नाशिक रस्ता कामगारांच्या येण्या-जाण्याचा आहे. तिथे स्टंट नकोच. कोणी पडल्यास मान हलवू नका, १०८ ला फोन करा.