क्लिअर क्रीक
क्लिअर क्रीक : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कोलोरॅडो राज्यातून वाहणारा, प्रथम सोन्याच्या शोधामुळे व नंतर पर्यटनामुळे प्रसिद्धीस आलेला डोंगरी जलप्रवाह. लांबी सु. १०६ किमी. रॉकी पर्वतातील लव्हलँड खिंडीच्या परिसरात, खंडीय जलविभाजकाच्या पूर्व उतारावर तो उगम पावतो. जॉर्जटाउन व आयडाहो स्प्रिंग्ज या गावांवरून वाहत, खोल निदरीतून गोल्डन येथे मैदानी प्रदेशात उतरून डेन्व्हरच्या उत्तरेस तो साउथ प्लॅट नदीस मिळतो.

या प्रदेशावरील अरापाहो व शायान या जमातींचा हक्क १८५१ च्या फोर्ट लॅरमी तहाने मान्य करण्यात आला होता. जानेवारी १८५९ मध्ये जॉर्ज जॅक्सन यास शिकागो क्रीकच्या संगमाजवळील वाळूत सोने आढळले आणि मे महिन्यात जॉन ग्रेगरी यास उत्तर फाट्यालगतच्या घळीत सोन्याची शिर सापडली. लवकरच हजारो लोक येथे लोटले. १८६१ मध्ये मोजक्याच प्रमुखांनी केलेल्या फोर्ट वाइज तहामुळे या जमातींना बहुतेक भूमी गमवावी लागली.

पृष्ठभागालगतच्या झिजलेल्या धातुकातून पाऱ्याच्या साहाय्याने सोने सहज निघे. परंतु खोलवरच्या सल्फाइडयुक्त धातुकास ही रीत लागू पडेना व अनेक गिरण्या बंद पडल्या. नॅथॅन्येल हिल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने ब्लॅक हॉक येथे १८६८ मध्ये प्रगालनाचा कारखाना सुरू केल्यावर ही अडचण दूर झाली. जॉर्जटाउन परिसरात १८६४ पासून रुप्याच्या खाणी निघाल्या. १८९३ मध्ये रुप्याचा भाव कोसळल्याने त्यांना उतरती कळा लागली.

खाणींसाठी आलेल्या अरुंदमापी लोहमार्गानेच पर्यटनाचा पाया घातला. जॉर्जटाउन व सिल्व्हर प्ल्यूम यांदरम्यानचा चढ चढण्यासाठी बांधलेला, स्वतःलाच वरून ओलांडणारा वळसा १८८४ मध्ये पूर्ण झाला व तो पाहण्यास डेन्व्हरहून सहली येऊ लागल्या. १९३९ मध्ये मोडीत काढलेला त्याचा उंच पूल १९८४ मध्ये पुन्हा उभारण्यात आला. निदरीतील लोहमार्गाच्या जागी महामार्ग झाला. फुगीर तराफ्यातून जलप्रवास, प्रस्तरारोहण, ट्राउट मासेमारी व हौसेखातर वाळू धुऊन सोने शोधणे हे आज येथील प्रमुख विरंगुळे होत.

ज्या सल्फाइडांनी खाणवाल्यांना अडविले, त्यांचा उपद्रव अद्याप संपलेला नाही. हवा व पाणी यांच्याशी संयोग होऊन त्यांपासून आम्ल बनते आणि त्यात जस्त, तांबे, कॅडमियम इ. धातू विरघळतात. १९१० मध्ये पूर्ण झालेल्या, ६ किमी.हून अधिक लांबीच्या आर्गो बोगद्यात जानेवारी १९४३ मध्ये कोंडलेले पाणी फुटून चार कामगार मृत्युमुखी पडले व काम थांबले. आम्लयुक्त पाणी मात्र वाहतच राहिले. १९८३ मध्ये केंद्रशासनाच्या प्रदूषणनिर्मूलन कार्यक्रमात या खोऱ्याचा समावेश झाला व १९९८ मध्ये आर्गो येथे शुद्धीकरण संयंत्र सुरू झाले. गोल्डनसारखी शहरे पिण्याचे पाणी याच प्रवाहातून घेत असल्याने, खाणी बंद पडूनही हे काम थांबविता येत नाही.