वेल्ह्याचें पाणी आणि खुद्री मासा

वादळी वाऱ्यांत सरोवरावर होडी घालावी, तिच्या मागें लांब दोरी सोडून चकाकतें आमिष फिरवीत न्यावें, आणि ट्राउट किंवा सामन मासा धरावा, हा स्कॉटलंड-आयर्लंडांतील लोकांचा आवडता छंद. लाटांनीं पाण्याचा आरसा फुटला कीं माशाला होडी नीटशी दिसत नाहीं व एरव्हीं सावध असणारा मासा निःशंक होतो, हें त्यांतलें मर्म. वेल्ह्याच्या खोऱ्यांत सामन नाहीं व ट्राउटहि नाहीं. ट्राउटला बारमाही थंड पाणी लागतें. तथापि शिकाऱ्याचा कस पाहण्यांत सामनशीं बरोबरी करणारा मासा ह्या नद्यांत पूर्वापार होता. त्याचें नांव खुद्री. महासीर कुळांतला हा दख्खनचा मासा.

गळाची विद्या साहेबांनीं येथें आणली, असा आपल्या सुशिक्षितांपैकीं पुष्कळांचा समज असतो. तो खरा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत होऊन गेला. त्याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत ‘मत्स्यविनोद’ हें स्वतंत्र प्रकरण असून माशांच्या जाति, कोणास कोणतें आमिष रुचतें, गळ व दोरी कशी असावी, ह्यांचा त्यांत विचार केला आहे. मराठीच्या जुन्या खुणा शोधणारे अभ्यासक ज्या ग्रंथाकडे वळतात, तोच हा ग्रंथ.

त्यानंतर सातशें वर्षांनीं कर्नल साइक्स ह्यानें दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली. १८२४ ते १८३१ ह्या काळांत तो मुंबई सरकारच्या वतीनें दख्खनची माहिती गोळा करीत होता. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेल्या ह्या माशास त्यानें इथल्याच बोलींतलें नांव ठेवलें. आज जगभर तो ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो. वेल्ह्याच्या मुलखांतील आंबी व मोसी ह्या नद्यांचें पाणी मुठेसच मिळतें. अशा रीतीनें आमच्या लोकांचा एक शब्द लॅटिनच्या पंक्तीस बसला! १८७३ सालीं हेन्री सलिव्हन टॉमस ह्यानें भारतांतील गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला, त्यांत त्यानें महासीरला सामनहून वरचढ ठरविलें.

महासीरचा आयुष्यक्रम पावसाशीं बांधलेला आहे. नद्यांना पूर आला कीं तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो व गोट्यांच्या, वाहत्या पाण्यांत अंडीं घालतो. ह्या वाटेवर धरणें उभीं राहिलीं. वेळवंडीवर भाटघर येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिलें धरण झालें; १९२८ सालीं त्याच्या खालच्या अंगास लॉइड धरण पुरें झालें. आंबीवरील पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटलें व पुढें पुन्हां बांधलें गेलें. नीरेच्या कालव्यांनीं दुष्काळी मुलूख हिरवा केला, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु माणसाचा मार्ग मोकळा होत असतां माशाचा मार्ग बंद झाला, हेंहि तितकेंच खरें. शिवाय तलावांतून गंगेकडील कटला व रोहू सोडण्यांत आले, आणि मूळ रहिवाशास आपल्याच घरीं वाटेकरी निर्माण झाले.

ह्यावर उपाय निघाला तोहि सह्याद्रींतच. चं. वि. कुलकर्णी प्रभृति मत्स्यतज्ज्ञांच्या अभ्यासाच्या आधारें लोणावळ्यास टाटांच्या वीजकंपनीनें १९७० नंतर खुद्रीची पैदास सुरू केली व लाखों पिलें ठिकठिकाणीं सोडण्यांत आलीं. खुद्री जगला, पण ती पिलें कावेरींतहि गेलीं. तेथें पाठीवर उंचवटा असलेला निराळाच महासीर राहतो. त्याची शास्त्रीय ओळख २०१८ सालीं निश्चित झाली, तेव्हां तो नामशेष होण्याच्या मार्गावर होता, आणि ह्या ऱ्हासास परका खुद्रीहि कारण आहे असें अभ्यासक मानतात. वेल्ह्यांत कटला-रोहू जसे पाहुणे, तसाच कावेरींत खुद्री.

घाट उतरून महाड तालुक्यांत गेलें, कीं वाळण कोंडीच्या डोहांत महासीर निर्भयपणें फिरतांना दिसतात. देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी धरीत नाहीं. तेथें पैदासकेंद्र लागलें नाहीं. वाहतें पाणी व लोकांची श्रद्धा एवढ्यावर काम भागलें. मासा वांचवावयाचा तर त्याची नदी वांचवावी, हें त्या डोहाकांठच्या भाविकांनीं कृतीनें दाखविलें आहे. वेल्ह्यांतील ज्या ओढ्यांना अद्यापि बांध लागलेला नाहीं, त्यांच्याकडे आपण ह्या दृष्टीनें पाहूं लागलों, तर खुद्री हें नांव केवळ लॅटिन ग्रंथांत शोधावें लागणार नाहीं.