इंद्रायणीत बुडालेली कर्जखतं

चाकणच्या तळेगाव चौकात शिफ्ट सुटल्यावर कंपन्यांच्या बस रांगेने अडकून पडतात. महिन्याचा पहिला आठवडा असेल तर आत बसलेल्यांच्या मोबाईलवर दोन मेसेज पाठोपाठ येतात. एक पगार जमा झाल्याचा, दुसरा हप्ता कापल्याचा. हप्ता कधी बाईकचा असतो, कधी बहिणीच्या लग्नाचा, तर कधी ज्या मोबाईलवर मेसेज आला त्याच मोबाईलचा.

या चौकातून देहू फार लांब नाही. ट्रॅफिक नसेल तर बाईकवर अर्धा-पाऊण तास. तिथल्या एका माणसाने सतराव्या शतकात कर्जाचे कागद नदीत टाकून दिले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण ऐकताना एक तपशील हमखास निसटतो. ते कागद तुकोबांनी घेतलेल्या कर्जाचे नव्हते. लोकांनी त्यांच्या घराण्याकडून घेतलेल्या कर्जाचे होते. म्हणजे ही कर्जदाराच्या सुटकेची नाही, सावकाराची गोष्ट आहे.

आपल्या मनातले तुकोबा म्हणजे वीणा, चिपळ्या आणि विठ्ठल. पण देहूचं मोरे घराणं खाऊनपिऊन सुखी होतं. शेती होती, दुकान होतं, देवाणघेवाण होती आणि गावच्या पेठेची महाजनकीही होती. वडील बोल्होबांनी कारभार तुकोबांच्या हाती दिला तेव्हा ते पोरवयातच होते. पुढे आईवडील गेले. थोरली भावजय गेली आणि थोरला भाऊ सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेला. त्यातच १६३० च्या सुमारास दख्खन आणि गुजरातवर भयंकर दुष्काळ कोसळला. गावंच्या गावं ओस पडली. तुकोबांची पहिली बायको रखमाबाई आणि मुलगा त्यात गेले. धंदा बसला आणि दिवाळं निघालं.

हे आपल्याला फक्त चरित्रकारांकडून कळतं असं नाही. तुकोबांनी स्वतः अभंगात ते सांगितलंय. दुष्काळात पैसा गेला, पत गेली, उपासमारीने बायको गेली, व्यवहारात खोट आली आणि या सगळ्याची लाज वाटली. लाज हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. हप्ता बाउन्स झाल्यावर अनोळखी नंबरचा फोन न उचलणाऱ्या कुणालाही ती लाज वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मग तुकोबा डोंगरावर गेले. तो भामचंद्र डोंगर चाकणच्याच बाजूला आहे आणि आज त्याच्या आसपास औद्योगिक वसाहतीच्या शेड पसरल्या आहेत. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत तिथे पोचला, अशी कथा आहे. दोघं खाली आले आणि घरातली कर्जखतं बाहेर काढली गेली. तुकोबांना ती सगळीच इंद्रायणीत टाकायची होती. पण कान्होबाचा संसार होता, त्याला ते परवडणारं नव्हतं. म्हणून कागदांचे दोन वाटे झाले. अर्धे कान्होबाला दिले आणि आपल्या वाट्याचे अर्धे तुकोबांनी बुडवले.

तुकोबांचं चरित्र विस्ताराने लिहिणाऱ्या महिपतींचा ‘भक्तलीलामृत’ हा ग्रंथ १७७४ चा, म्हणजे तुकोबांनंतर सव्वाशे वर्षांनी आलेला. त्यामुळे या प्रसंगाकडे कोर्टातल्या पुराव्यासारखं बघता येत नाही. पण लोकांनी काय आठवणीत ठेवलं, हे मात्र त्यातून कळतं. आणि लोकांनी हे वाटे आठवणीत ठेवले. संताची थोरवी वाढवायची असती तर सगळेच कागद बुडवले असं सांगणं सोपं होतं. कथा तसं सांगत नाही. ती म्हणते, दुसऱ्याच्या हक्कावर आपण उदार व्हायचं नसतं, पण आपल्या वाट्यापुरतं काय करायचं हे आपल्याच हातात असतं.

तुकोबांना हे का जमलं असावं? मला वाटतं, ते दोन्ही बाजूंनी उभे राहिले होते. दुष्काळाआधी त्यांनी दुसऱ्याच्या दारात जाऊन वसुली केली असणार. दुष्काळात त्यांचीच पत गेली. ज्याचं घर दुष्काळाने उपाशी मारलं, त्याला कुळाच्या नावापुढचा आकडा नुसता आकडा म्हणून वाचता येत नाही. त्या आकड्यामागे आपल्यासारखंच एक घर आहे, हे त्याला माहीत असतं.

पुढे त्याच इंद्रायणीत दुसरा गठ्ठा बुडाला, तो अभंगांच्या वह्यांचा. शूद्राने वेदार्थ सांगू नये म्हणून त्या बुडवायला लावल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. चमत्कार मानणं न मानणं ज्याचं त्याच्यापाशी. पण एवढं तर दिसतंच की अभंग आजही पाठ आहेत आणि त्या खतांवर कुणाकुणाची नावं होती हे कुणालाच आठवत नाही.

तरीही देहूने कर्जाचा प्रश्न सुटला नाही. एका सावकाराचं मन बदललं, सावकारी तशीच राहिली.

१८६९ ते १८७३ या काळात मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून तुकारामांची गाथा दोन खंडांत छापून निघाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ दरम्यान इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सावकार मागेल त्याला पैसे देत होते. युद्ध संपलं, भाव कोसळले, सारा मात्र वाढवला गेला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीनच वर्षं चालणार असं ठरलं. हेतू कर्जदाराला वाचवण्याचा होता. सावकारांनी त्यातूनही वाट काढली. दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं आणि नव्या कागदावर अंगठा घ्यायचा. अंगठा देणाऱ्याला कागद वाचता येत नव्हता.

सुप्यात आणि नंतर पुणे-नगरच्या गावागावांत लोकांनी मुख्यतः मागितले ते कागद. वह्या आणि खतं हातात आली की ती जाळली. सावकाराने कागद निमूटपणे दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. देहूत सावकाराने स्वतः पाण्यात टाकलेली वस्तू अडीचशे वर्षांनी कर्जदारांनी आगीत टाकली.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यातली मोठी गोष्ट म्हणजे न्यायालयाला कागदाच्या मागे जाता येऊ लागलं. मूळ रक्कम किती, व्याज कसं चढलं, हा सगळा इतिहास तपासता येऊ लागला. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. शिक्षण नसलेल्या शेतकऱ्याला सावकार, कारकून आणि कोर्टकचेऱ्या मिळून कसे नागवतात, याचा हिशोबच त्यांनी त्यात मांडलाय. तुकोबांनी विचारलं होतं, वसुली करणाऱ्याच्या मनात काय आहे? फुल्यांनी विचारलं, ज्याच्याकडून वसुली होते त्याला कागद वाचता येतो का?

हे दोन्ही प्रश्न आपल्या पट्ट्यात आजही तसेच आहेत. आपण अंगठा देत नाही, ‘आय अॅग्री’ दाबतो. लिहिता-वाचता येत असूनही अटी वाचत नाही. त्या वाचण्याजोग्या असाव्यात म्हणून नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्याने सगळे चार्ज धरून वर्षाचा खरा व्याजदर दाखवणारं माहितीपत्रक द्यावं लागतं, तेही कर्जदाराला समजेल त्या भाषेत. कर्जाच्या अॅपला तुमची फोनबुक आणि फोटो चाळायची मुभा नाही. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. सुप्याच्या शेतकऱ्याला यातलं काहीच मिळालं नव्हतं. आपल्याला मिळालंय तर ते मराठीत मागून घ्यावं आणि सही करण्याआधी वाचावं.

पण तुकोबांचा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण तो फक्त कर्जदारांना विचारलेला नाही. या पट्ट्यात वसुली करणारेही आपणच आहोत. जमिनी कंपन्यांना गेल्यावर अनेकांनी उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या आणि बिहार-ओडिशापासून लातूर-नांदेडपर्यंतच्या पोरांना भाड्याने दिल्या. कुणी भिशी चालवतं, कुणी लेबर पुरवतं, तर कुणी कॉल सेंटरमध्ये बसून दुसऱ्याला हप्त्याची आठवण करून देतं आणि घरी आल्यावर स्वतःला आलेला तसलाच फोन कट करतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये कारखाने बंद झाले आणि पगार थांबले. बँकांनी हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, पण व्याज चालूच राहिलं. घरमालकांनी भाडं तीन महिने पुढे ढकलावं, असं राज्य सरकारने सुचवलं. ती सूचना होती, सक्ती नव्हती. म्हणजे खोल्या असलेल्या प्रत्येक घरात भाड्याची वही समोर ठेवून कुणीतरी ठरवलं असणार, काय करायचं. त्या घरांमध्ये दर वर्षी पालखीला जाणारे वारकरीही होते. काहींनी भाडं सोडलं, काहींनी मागितलं. काहींचा खोल्यांवर काढलेल्या कर्जाचाच हप्ता होता, त्यांचं कान्होबासारखं झालं. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. कथेनेही कान्होबाला नावं ठेवलेली नाहीत.

आता कागद नदीत टाकून काही होत नाही, रेकॉर्ड सर्व्हरवर असतं. इंद्रायणीवरही बऱ्याचदा पांढरा फेस असतो. तरी पुढच्या वेळी कुणाकडे आपले पैसे अडकले असतील आणि तो फोन उचलत नसेल, तर पुन्हा नंबर फिरवण्याआधी देहूचे ते वाटे आठवून बघावेत. कान्होबाच्या वाट्याला हात लावायचा नाही. आपल्या वाट्याचं काय, ते मात्र आपण ठरवायचं.