काळ्या दगडाचा हिशोब

रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण मूळचे कामठीचे, मँगनीजच्या खाणींचे मालक. 1930 साली त्यांनी 35 लाखांच्या घरातली इस्टेट नागपूर विद्यापीठाला दिली, ती उपयोजित विज्ञान आणि रसायन शिकवण्यासाठी. त्यातून 1942 मध्ये नागपुरात अमरावती रोडवरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एलआयटी, उभी राहिली. लोक याला दानशूरपणा म्हणतात. मला त्यात धंद्याची जाणही दिसते. मनसर-गुमगावच्या खाणींतला माल टनावर विकला जाई खरा, पण भाव ठरायचा त्यातल्या मँगनीजच्या टक्क्यावर, आणि टक्का सांगणार केमिस्ट.

मी इथल्याच एका कॉलेजात वर्षानुवर्षं बीएस्सीचं प्रॅक्टिकल घेतलं. त्यात पायरोलुसाइट, म्हणजे मँगनीज डायऑक्साइडचा काळा दगड, ठरलेलं. समीकरण सरळ आहे: मँगनीज डायऑक्साइडचा एक रेणू ऑक्झॅलिक ॲसिडचा एक रेणू खातो, सल्फ्युरिक ॲसिडच्या साक्षीनं. म्हणजे 87 ग्रॅमला 126 ग्रॅम. पोरं इथंच अडकायची. ऑक्झॅलिकच्या खड्यात पाण्याचे दोन रेणू असतात, ते विसरून 90 धरायची. तसे 90 ग्रॅम खडे तोलले तर त्यात खरं ॲसिड 64 ग्रॅमच असतं. शुद्ध डायऑक्साइड असेल तर काळा गाळ तळाशी तसाच राहणार. मग शेजारचा ओरडायचा, ‘पाणी धर ना बे!’

म्हणून ॲसिड मुद्दाम जास्त घ्यायचं. समजा, 0.2 ग्रॅम भुकटीला 0.5 ग्रॅम खडे. गरम करायचं, काळेपणा गेला की उरलेलं ॲसिड परमँगनेटनं मोजायचं. इथं परमँगनेट आणि ऑक्झॅलिकच्या रेणूंचं प्रमाण दोनास पाच. उरले 0.268, तर खर्ची पडले 0.232, म्हणजे डायऑक्साइड 0.16 ग्रॅम. 80 टक्के. मँगनीज मोजायला मँगनीजच, हे मला कायम गमतीचं वाटे.

पण हा 80 चा आकडा पोलादवाल्याच्या कामाचा नाही. त्याला निव्वळ मँगनीज किती ते हवं असतं, आणि शुद्ध डायऑक्साइडमध्येसुद्धा ते 63 टक्केच. शिवाय आपल्याकडच्या दगडात ब्राउनाइट हे दुसरं खनिज भरपूर. त्यात मँगनीज असतं, पण बरंचसं डायऑक्साइडच्या रूपात नसतं, म्हणून ऑक्झॅलिकच्या हिशोबात ते पूर्ण येत नाही. डायऑक्साइडचा आकडा विचारतो तो ड्राय बॅटरीवाला. त्याच्यासाठी भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गचा माल. ती खाण आज मॉइल या मँगनीज कंपनीकडे आहे आणि मॉइलची कचेरी नागपुरात.